शेवटपर्यंत खेळलेला भाऊ

टीव्ही मालिकेवरून काढलेला व्हिडिओ गेम खेळावा का, या प्रश्नाला थोरलीचं स्वतःचं उत्तर बरीच वर्षं 'मुळीच नको' असं होतं, आणि ती तर असे गेम बनवूनच पोट भरत होती.

धंद्यातली गोष्ट उघड आहे. मालिका गाजते. तवा तापलाय तोवर भाजून घ्यावं असं वाहिनीला वाटतं, आणि मग कुठल्यातरी सात-आठ माणसांच्या कंपनीला आठ महिन्यांची मुदत मिळते. वेष्टनावर नायकाचा चेहरा, सुरुवातीला शीर्षकगीत, आणि त्यानंतर जे काही येतं त्याला गेम म्हणायचं. नायक पळतो, खोकी ढकलतो, पुन्हा पळतो. मालिकेवर जीव असणारा चिडतो, गेमवर जीव असणारा हसतो, आणि पैसे दोघांचेही गेलेले असतात. थोरलीनं असे दोन गेम केले होते, एक पोलिसांच्या मालिकेवर आणि एक इस्पितळाच्या. इस्पितळाच्या गेममध्ये डॉक्टर रोग्यासकट स्ट्रेचर घेऊन एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर उडी मारायचा, कारण वाहिनीला काहीतरी थरारक हवं होतं. दोन्ही गेम भिकार होते, आणि तसं ती कोणालाही तोंडावर सांगायची.

धाकट्यानं तेच जगाला सांगितलं. धाकटा म्हणजे तिचा पाठचा भाऊ. नोकरी नव्हती, बोलण्यात मात्र कोणाला हार जायचा नाही. त्यानं घरातल्या उशीला रोगी केलं, इस्त्रीच्या टेबलाचं स्ट्रेचर केलं आणि डॉक्टरच्या उडीची नक्कल करून तिचा व्हिडिओ टाकला. लाखो लोकांनी तो पाहिला. गेम आपल्या बहिणीचा आहे हे त्यानं सांगितलं नाही. थोरली तो व्हिडिओ बघून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती, कारण पोरगं खरं बोलत होतं.

त्यावर त्याचं दुकान उभं राहिलं. नऊ वर्षं झाली, कुठल्याही मालिकेवरचा गेम आला की लोक आधी धाकटा काय म्हणतो ते बघायचे. त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "मी शेवटपर्यंत खेळलोय, तुम्ही कशाला खेळता?" त्यानं एकदाही 'खेळा' म्हटलं नव्हतं. आई म्हणायची, "एक पोर रांधतं, दुसरं त्यात खडे काढतं. घरातच सगळा बाजार." पण दोघंही कमावती होती, त्यामुळे ती हे हसून म्हणायची.

मग थोरलीकडे तिसरा गेम आला.

मालिकेचं नाव 'चावीवाली'. लोकांची अडलेली कुलपं उघडून देणारी एक बाई, दर भागात एक बंद दार, आणि दारामागे कोणाचं तरी घर. मालिका बरी होती, पण वाहिनीनं ती मध्येच बंद केली. चावीवालीचं पुढे काय झालं हे कोणालाच कळलं नाही. थोरलीला पहिल्यांदा वाटलं की मालिकेला जे जमत नाही ते इथे गेमला जमेल. मालिकेत कुलूप दोन सेकंदांत उघडायचं आणि पुढचं दृश्य यायचं. गेममध्ये ते उघडायला तुम्हाला वेळ लागतो. तार आत घालून तुम्ही बसलेले असता, आणि ज्याचं दार आहे तो मागे उभा राहून बोलत असतो. तो जे बोलतो ते नीट ऐकलं तरच कुलूप कसं उघडेल ते कळतं. म्हणजे ऐकणं हाच खेळ. पळापळ नाही, मारामारी नाही.

हे वाहिनीच्या साहेबांच्या गळी उतरवताना तिच्या नाकी नऊ आले. साहेबांचं खरं नाव कंपनीत कोणी घेत नसे. त्यांच्या प्रत्येक पत्राच्या डोक्यावर 'तातडीचे' असं लिहिलेलं असायचं, म्हणून ते तातडीसाहेब. तातडीसाहेबांचं म्हणणं, "मॅडम, लोकांना ओळखीचं काहीतरी द्या. शीर्षकगीत, पाठलाग, गच्ची." शेवटी सौदा झाला. पहिले दोन तास साहेबांचे, पुढचे सात थोरलीचे. साहेबांनी जाता जाता आणखी एक सांगितलं, की पहिल्या आठवड्यात बोलबाला झाला तर मालिका पुन्हा सुरू करायची आहे, तिच्याबरोबरचे सगळे गेम तुमचेच. नाही झाला तर वाहिनी इथेच थांबते. वाहिनी थांबली की कंपनीही थांबणार, हे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बसणाऱ्या सातही जणांना ठाऊक होतं.

म्हणजे आता सगळं धाकट्याच्या तोंडावर आलं.

थोरलीनं त्याच्या विनवण्या केल्या नाहीत. फक्त एवढं म्हणाली, "पहिले दोन तास सोस. ते माझे नाहीत. त्याच्या पुढचं बघ आणि मग जे वाटेल ते बोल. शिव्या दे, चालेल."

"ताई, शब्द देतो. शेवटपर्यंत खेळतो," तो म्हणाला, आणि म्हणताना त्यानं तिच्या हातावर हात ठेवला.

बाजारात यायच्या आठ दिवस आधी समीक्षकांना गेम पाठवतात. त्या प्रती कुठपर्यंत खेळल्या गेल्या याची नोंद कंपनीकडे आपोआप येते. करारात ते बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, पण ती अक्षरं वाचायला कोणाला वेळ असतो? थोरलीच्या पडद्यावर तो तक्ता उघडाच असायचा. धाकट्याच्या नावापुढे पहिल्या दिवशी आकडा आला, एक तास बावन्न मिनिटं. दुसऱ्या दिवशीही एक तास बावन्न मिनिटं. आठव्या दिवशीही तोच होता, आणि नवव्या दिवशी सकाळी त्याचा व्हिडिओ आला.

"मी शेवटपर्यंत खेळलोय," धाकटा पडद्यावर हसून म्हणाला, "तुम्ही कशाला खेळता?"

त्यानं पाठलागाची टर उडवली, गच्चीची उडवली. तिथपर्यंत त्याचं सगळं बरोबर होतं. मग तो म्हणाला, "तुम्हाला वाटेल पुढे सुधारेल. नाही हो. नऊ तास हेच. आणि शेवट? बाई पुलावर उभी राहते आणि किल्ल्यांचा जुडगा नदीत फेकून देते. ढसाढसा संगीत. इतका स्वस्त शेवट मालिकेनंसुद्धा केला नसता."

खोलीत सातही जण पडद्याभोवती उभे होते. प्रोग्रामर कंपनीतला सगळ्यात जुना माणूस. तोच आधी बोलला. "नदी? कुठली नदी?"

गेममध्ये नदी नव्हती, आणि पूलही नव्हता. थोरलीला मात्र तो पूल कुठून आला ते तत्क्षणी कळलं. आठ महिन्यांपूर्वी एका रविवारी आईकडे जेवताना तिनंच तो सांगितला होता. तेव्हा शेवट तसाच होता. ती भारावून बोलत होती, जेवण ताटात तसंच राहिलं होतं आणि धाकटा ऐकत होता. पुढे प्रोग्रामर म्हणाला, "ताई, हे मालिकेसारखंच झालं," आणि तिनं तो शेवट काढून टाकला. आता चावीवाली शेवटी स्वतःच्याच जुन्या घरापाशी पोचते. तिथे आता दुसरेच लोक राहतात. त्यांना नवं कुलूप बसवून द्यायचं, त्याच्या चार चाव्या घडवायच्या, आणि चारही त्यांच्या हातात ठेवायच्या. एक स्वतःकडे ठेवता येते. गेम तुम्हाला अडवत नाही. तुम्हीच ती द्यायची असते.

धाकट्यानं शितावरून भाताची परीक्षा केली होती, आणि ते शीतही बहिणीच्या आठ महिन्यांपूर्वीच्या ताटातलं होतं.

ती त्याच्याकडे गेली. त्याच्या खोलीत कॅमेऱ्यासमोर गेमच्या डब्यांनी भरलेलं मोठं फडताळ होतं. जवळून पाहिलं तर निम्म्यांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. आत गेल्या गेल्या तिनं विचारलं, "नदी कुठे पाहिलीस?"

"अगं, शेवटी. पुलावरून..." तो म्हणाला आणि थांबला.

"गेममध्ये नदी नाहीये. शेवट मी तीन महिन्यांपूर्वी बदलला."

त्याचा चेहरा उतरला. त्यानं घाईघाईनं गेम चालू केला आणि पुढे जायचा प्रयत्न केला, पण शेवट बघायचा तर सात तास खेळावं लागत होतं. पाच मिनिटांत त्यानं हातातलं यंत्र खाली ठेवलं. "ताई, त्या आठवड्यात चार गेम आले होते. आणि पहिले दोन तास तर तू म्हणालीस तसेच होते ना? वाईट!"

"पुढचे सात बघ म्हणाले होते."

"मला वाटलं तू आपली म्हणतेस. सगळेच म्हणतात, पुढे चांगलंय."

"व्हिडिओ काढून टाक. पुन्हा खेळ. नंतर पाहिजे तर शून्य गुण दे."

"काढला तर लोक विचारतील का काढला. ताई, नऊ वर्षं मी एकच गोष्ट विकतोय, की मी शेवटपर्यंत खेळतो. तीच गेली तर माझ्याकडे काय राहिलं?" तो येरझारा घालू लागला. मग एकदम थांबला, आणि त्याचा चेहरा उजळला. "तू ती नदी टाक ना."

"काय?"

"अपडेट म्हणून. चार दिवसांत कोणी शेवटाला पोचत नाही. तेवढा एक सीन. तुमच्याकडे जुना असेलच की. माझंही खरं होईल आणि तुझंही काही बिघडणार नाही."

नऊ वर्षं दुसऱ्यांच्या गेममधले खोटे शेवट वेचून दाखवणारा माणूस बहिणीला म्हणत होता, खोटा शेवट लाव, म्हणजे मी खरा ठरेन. थोरलीला संताप आला. ती उठून निघून आली.

संध्याकाळी आईचा फोन आला. धाकट्यानं आधीच तिचे कान भरले होते. "एवढंसं काय ते दृश्य, घाल ना. तुझा गेम दुसरा होईल. त्याचं नाव एकदा गेलं की गेलं."

"आणि माझ्याकडची माणसं?"

"ती कुठेही लागतील गं. भाऊ एकच आहे."

"नाही, आई," थोरली म्हणाली. आईनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी प्रोग्रामरनं तक्त्याची छापील प्रत तिच्या टेबलावर आणून ठेवली. धाकट्याच्या नावाखाली त्यानं लाल रेघ मारली होती. "ताई, हे आजच्या आज बाहेर टाकूया. एक तास बावन्न मिनिटं, आणि शेजारी त्याची नदी. तातडीसाहेबांनाही पाठवूया. दुपारपर्यंत सगळीकडे आपलंच नाव असेल. लोक निदान बघायला तरी येतील की खरा शेवट काय आहे."

बाकीचे पाच जण माना वर करून बघत होते. चित्रं काढणारी मुलगी म्हणाली, "तुमचा भाऊ आहे, आम्हाला कळतं. पण त्यानं तुमचा विचार केला का?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. थोरलीनं तो कागद घडी करून खणात ठेवला. "आपण नको. आठवडाभर थांबा. लोक खेळतील, शेवटाला पोचतील, आणि तेच विचारतील की नदी कुठाय. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? आपण कशाला आरवायचं?"

कोणी फार वाद घातला नाही. ती मालकीण होती, आणि बोलणं शहाणपणाचं वाटत होतं. चित्रवाली मुलगी तर नंतर म्हणालीसुद्धा, की ताईंचं मन मोठं आहे. थोरलीचं मन मोठं वगैरे काही नव्हतं. तिला धाकटा पकडला जायला हवा होता. चारचौघांत, त्याच्याच वाक्यासकट. फक्त पकडून देणारा हात तिचा नको होता. म्हणजे पुढे आईच्या घरी ताठ मानेनं जेवता आलं असतं आणि भावाची समजूतही काढता आली असती. काय बोलायचं तेही तिनं मनात जुळवून ठेवलं होतं.

आणि दुसरं म्हणजे, तिचा गेमवर विश्वास होता. एकदा दोन तासांचा उंबरा ओलांडला की कोणी थांबणार नाही याची तिला खात्री होती.

तिनं ते सात दिवस तक्ता बघत काढले. गेम विकत घेणारे थोडे होते, पण होते, आणि त्यांचीही नोंद त्याच तक्त्यात यायची. मालिकेचे जुने चाहते. एकेकाच्या नावापुढे आकडे चढायचे. चाळीस मिनिटं, एक तास दहा, एक तास तीस. आणि दोन तासांच्या अलीकडे किंवा जरासे पलीकडे ते थांबायचे, एकामागून एक. त्या दोन तासांत पाठलाग होता, गच्ची होती, आणि कानात धाकट्याचा आवाज होता की नऊ तास हेच. त्याच्यावर विश्वास ठेवायला त्यांना कारण होतं. तोवर त्याचा शब्दन् शब्द खरा निघत होता. चौथ्या दिवशी सकाळी शेवटाला पोचलेले अकरा होते. त्यातले सात तिच्याच कंपनीतले.

पाचव्या दिवशी धाकट्याच्या व्हिडिओखाली एका बाईनं लिहिलं, "मी नऊ तास खेळले. यात नदी नाही आणि पूलही नाही. शेवटची चावी द्यायची वेळ आली तेव्हा माझा हात खूप वेळ थांबला. हा माणूस शेवटपर्यंत खेळलेला नाही."

थोरलीनं ते पाच वेळा वाचलं. आता फुटलं, आता फुटलं, असं तिला वाटत राहिलं. खाली पहिलं उत्तर आलं, "कंपनीची बाई दिसतेय." मग दुसरं, "किती मिळाले ताई?" मग हसणारे चेहरे, ओळीनं चाळीस-पन्नास. खणात लाल रेघेचा कागद होता. तो काढून त्या बाईच्या शेजारी उभं राहायचं, एवढंच काम होतं. थोरलीनं खण उघडला. मग वाटलं, अजून दोन दिवस आहेत, आणखी कोणीतरी पोचेल, त्या बाईला साथ देईल. तिनं खण लावून टाकला. दुपारी बघितलं तर बाईनं आपलं लिहिलेलं पुसून टाकलं होतं.

आणखी कोणी काही लिहिलं नाही. आठव्या दिवशी तातडीसाहेबांचं पत्र आलं. त्यावर 'तातडीचे' लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे ते न वाचताच सगळ्यांना कळलं.

महिनाअखेर खोल्या रिकाम्या केल्या. चित्रवाली मुलगी सगळ्यात आधी गेली, जाताना थोरलीशी बोलली नाही. प्रोग्रामर शेवटपर्यंत थांबला, वायरी गुंडाळत.

"ताई, त्या दिवशी तो कागद बाहेर टाकला असता तर?"

"तर आपण वाचलो असतो बहुतेक."

"हं." त्यानं गुंडाळलेली वायर खोक्यात ठेवली. "मला वाटलं होतं तुम्ही भावाला वाचवताय. मग मी गप्प बसलो. भावाला वाचवणं कळतं मला."

थोरलीनं त्याला खरं काय ते सांगायला हवं होतं. सहा वर्षं तो तिच्या शेजारी बसला होता, तेवढा हक्क त्याचा होता. ती म्हणाली, "खोकं जड आहे, मी एक बाजू धरते."

पुढच्या रविवारी आईनं जेवायला बोलावलं. धाकट्यानं दार उघडलं आणि तिला मिठीच मारली. "ताई, वाचलो गं. तीन आठवडे झोप नव्हती मला. वाटायचं, आज तू टाकशील, उद्या टाकशील. तुझ्याकडे सगळा पुरावा होता, मला माहितेय. तुझ्या प्रोग्रामरनं मला फोनवर शिव्या घालताना सगळं सांगितलं." त्याचे डोळे भरून आले होते. ते खोटं नव्हतं, आणि हेच तिला जास्त लागलं.

आईनं तिला सगळ्यात आधी वाढलं. "बहीण असावी तर अशी. तेव्हा फोनवर रागावले मी तुझ्यावर. पण स्वतःचं बुडालं तरी हिनं भावाच्या नावाला धक्का लागू दिला नाही."

थोरलीनं घास खाली ठेवला.

"मी त्याला वाचवलं नाही, आई. मी रोज सकाळी उठून बघत होते, हा पकडला गेला का. सात दिवस. मला हा बुडायलाच हवा होता, फक्त माझा हात दिसायला नको होता. माझे हात स्वच्छ राहावेत म्हणून मी सहा माणसं घरी बसवली."

मग धाकटा हसला. "ताईचं हे असंच. कौतुक केलेलं हिला सोसतच नाही."

आईही डोळे पुसत हसली. "लहानपणापासून तशीच आहे ती."

"मी खरं सांगतेय," थोरली म्हणाली.

"हो गं बाई, खरं," आई म्हणाली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. "जेव आता. गार होतंय."